हाताने घडवलेली सुरी घेताना काय मोजायचं आणि काय सोडून द्यायचं

तुमचा प्रश्न असा आहे: रोजच्या चिरण्या-कापण्यासाठी एक सुरी खास करवून घ्यायची आहे आणि दोन कारागीर नजरेत आहेत. एकाचं काम रेषेला रेष जुळलेलं, झिलई अशी की त्यात तोंड दिसावं. दुसऱ्याच्या पात्यावर वरच्या भागात घणाच्या खुणा आहेत, दोन्ही बाजूंच्या उतारांत डोळ्याला जाणवेल इतका फरक आहे, पण त्याच्या सुऱ्या वापरणारे लोक त्यांच्या कापण्यावर खूश आहेत. किंमत दोघांची जवळपास सारखी. हाताच्या कामात उन्नीस-बीस किती चालवून घ्यायचं, आणि कुठे अजिबात नाही?

मी सुऱ्या बनवतो, आणि बनवतो त्याहून जास्त सुऱ्यांना धार लावतो. नव्या सुरीच्या फोटोत जे दिसत नाही ते धार लावणाऱ्याला दगडावर पाच मिनिटांत कळतं. म्हणून माझं उत्तर त्या बाजूने आहे. सुरीतली कुठलीही उणीव दिसली की मी दोन गोष्टी बघतो: ती कापण्याच्या आड येते का, आणि ती नंतर दुरुस्त होते का. कापण्याच्या आड येणारी आणि दुरुस्त न होणारी उणीव असेल तर सुरी कितीही देखणी असो, घेऊ नये. दोन्हींपैकी काहीच नसेल तर ती कारागिराच्या हाताची खूण म्हणून खुशाल सोडून द्यावी. अडचण अशी की पहिल्या प्रकारच्या उणिवा बहुतेक झाकलेल्या असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या समोर दिसतात. त्यामुळे घेणारा समोरच्या गोष्टींवर काथ्याकूट करतो आणि खरी तपासणी राहून जाते.

सगळ्यात झाकलेली गोष्ट म्हणजे पोलादाला दिलेलं पाणी, आजच्या भाषेत हीट ट्रीटमेंट. इथे चूक झाली तर ती तुमच्या हातून कधीच सुधारणार नाही. उदाहरण घ्या. १०८४ हे साधं कार्बन पोलाद साधारण ८१५ अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात बुडवतात, आणि मग २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास दोनदा टेंपर करतात, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून पुन्हा बेताने तापवतात. असं केलं की रॉकवेल सी मापावर ६० च्या आसपास कडकपणा मिळतो. हे पोलाद क्षमाशील आहे. ७७० अंशांच्या जवळ पोलादाला चुंबक चिकटेनासं होतं. ती खूण धरून, त्याहून थोडं वर तापवून, साध्या भट्टीतही अनुभवी माणूस १०८४ चं काम नीट करू शकतो. पण ५२१०० सारख्या पोलादाला ठरावीक तापमानावर काही मिनिटं स्थिर धरून ठेवावं लागतं. एईबी-एल सारख्या स्टेनलेसला १०५० अंशांच्या वर नेमकं तापमान, मग धातूच्या दोन पट्ट्यांत दाबून झटपट थंड करणं आणि त्यानंतर शून्याच्या बरंच खाली नेणं, एवढं सगळं लागतं. त्यामुळे कारागीर कोणतं पोलाद वापरतो याइतकंच तो ते कशात तापवतो हे विचारणं महत्त्वाचं. उघड्या भट्टीत डोळ्याच्या अंदाजाने स्टेनलेस तापवणाऱ्याकडून मी ती सुरी घेणार नाही. तोच कारागीर ते काम बाहेरच्या चांगल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडून करून घेत असेल तर मात्र निश्चिंतपणे घेईन. काम बाहेर दिलं यात कमीपणा काहीच नाही.

कडकपणाचा आकडा जरूर विचारा, पण त्याला डोक्यावर घेऊ नका. रॉकवेल सीच्या चाचणीत हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या दाबाने पोलादात रुतवतात आणि तो किती आत गेला यावरून आकडा काढतात. उतारावर ही चाचणी नीट होत नाही, सपाट जागा लागते. शिवाय एका अंकाचा इकडेतिकडे फरक यंत्रामुळेही पडतो. म्हणून "६० ते ६१" असं सांगणारा कारागीर मला "६१.५" सांगणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. आणखी एक गोष्ट: जास्त तापवून कण मोठे झालेलं पोलादसुद्धा यंत्रावर ६० दाखवू शकतं. आकडा तोच, पण धार टवके उडवते. याची खात्री करण्याचा जुना उपाय म्हणजे त्याच पट्टीचा एक तुकडा त्याच पद्धतीने पाणी देऊन मोडून बघणं. मोडलेली कड राखाडी, मऊसूत, एकसारखी दिसली तर कण बारीक आहेत. चमचमणारे दाणे दिसले तर पोलाद जास्त तापलं. असे तुकडे मोडून बघणारा आणि मागितल्यावर त्याचा फोटो दाखवणारा कारागीर भेटला तर त्याला धरून ठेवा.

एवढं सगळं बरोबर करूनही काम शेवटच्या टप्प्यात बिघडू शकतं. पाणी दिलेलं पातं ग्राइंडरच्या पट्ट्यावर पातळ करताना धारेची कड क्षणात तापते. पोलाद टेंपर केलं २०० अंशांवर, आणि कडेला तापमान ३०० च्या आसपास गेलं की ती निळी पडते व तेवढ्या भागाचा कडकपणा उतरतो. तो निळा डाग पॉलिशने पुसला जातो, नरमपणा मात्र तसाच राहतो. अशी सुरी पहिल्या दिवसापासून एका ठरावीक जागी लवकर बोथट होते, बहुतेक वेळा टोकाजवळ, कारण तिथे पोलाद सगळ्यात कमी असतं. नवी सुरी दोन-तीनदा धार लावल्यावर अचानक चांगली चालायला लागली, असा अनुभव काही जण सांगतात. त्यामागे बहुधा हेच असतं: जळालेली कड घासून गेली आणि खालचं निरोगी पोलाद वर आलं. कारागिराला विचारा की पाणी दिल्यानंतर तो पातं कसं पातळ करतो. "उघड्या हाताने, दर फेरीला पाण्यात बुडवून, नव्या पट्ट्यावर" असं काहीसं उत्तर आलं तर समाधान माना.

आता येतो आकाराकडे. माझ्या मते पैसे इथेच वसूल होतात किंवा बुडतात. सुरी कापते ती मुख्यतः जाडीच्या हिशोबावर. धार म्हणजे अगदी कडेचा छोटासा कोन. त्या कोनाच्या लगेच मागे पातं किती जाड आहे यावर वस्तू कापली जाईल की पाचरीसारखी फाकवली जाईल हे ठरतं. चांगल्या पातळ चिरायच्या सुरीत ही धारेमागची जाडी ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते, सर्वसाधारण कामाच्या सुरीत ०.४ ते ०.५, आणि रानात लाकूड तासायला न्यायच्या सुरीत त्याहून जास्त. तुमच्या कामासाठी ०.६ ची सुरी घेतलीत तर तिला कितीही धार लावा, गाजर कापताना ते शेवटच्या थरात कट्कन तुटेल, कापलं जाणार नाही. सुरी हाताने केली म्हणून हे खपवून घेण्याचं काही कारण नाही. उलट, इतक्या पातळपणापर्यंत हाताने नेणं हीच त्या कामातली खरी कसोटी आहे.

हे फोटोवरूनही बरंचसं ओळखता येतं. धारेला लागून जी चकाकणारी अरुंद पट्टी दिसते तिची रुंदी बघा. दर बाजूला १५ अंशांचा कोन धरला तर ०.२५ मिलिमीटर जाडीच्या पात्यावर ती पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर दिसते. जाडी ०.६ असेल तर तीच पट्टी सव्वा मिलिमीटरच्या जवळ जाते. मग ती पट्टी मुठीपासून टोकापर्यंत सारखी राहते का ते बघा. टोकाच्या वळणावर ती एकदम रुंद झाली असेल तर तिथे पातं जाड राहिलंय किंवा धारेचा कोन बदललाय. मुठीजवळ ती एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर धार मध्यावर बसलेली नाही. या एका चमकत्या रेषेवरून मी कारागिराचा हात जितका ओळखतो तितका बाकीच्या सगळ्या सुरीवरून नाही.

जाडीचा हिशोब पुढच्या वर्षांसाठीही करा. समजा पात्याची उंची ४५ मिलिमीटर, पाठ २.५ मिलिमीटर आणि धारेमागे ०.२५, मधला उतार सरळ. म्हणजे दर मिलिमीटर उंचीला जाडी ०.०५ ने वाढते. धार लावता लावता पातं ४ मिलिमीटर झिजलं की धारेमागे ०.४५ झाली. सुरी तीच, पण कापणं जड. तेव्हा पूर्ण उतार पुन्हा पातळ करून घ्यावा लागतो. हे काम स्वतः कारागीर करून देतो का, हे आधीच विचारून ठेवावं. आणि पातं हाताने थोडं लवतं म्हणून पाणी कमी दिलं असं समजू नका. पोलाद किती सहज वाकतं हे कडकपणावर नाही तर जाडीवर ठरतं, तेही जाडीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी निम्मी केली की ताठपणा एक अष्टमांश उरतो. पातळ सुरी लवणारच. सोडल्यावर ती सरळ होते की वाकलेली राहते, एवढंच बघायचं.

दोन्ही बाजू सारख्या नसणं हा तुमच्या प्रश्नातला नेमका मुद्दा. इथे फरक कुठे आहे हे पाहिल्याशिवाय मत देता येत नाही. मुठीजवळ जिथे उतार सुरू होतो तिथली उभी रेघ डावीकडे आणि उजवीकडे मिलिमीटरभर मागेपुढे असेल तर कापण्यावर काहीच परिणाम नाही. ती रेघ दोन्ही बाजूंना तंतोतंत समोरासमोर आणणं कौशल्याचं काम आहे, डोळ्याला ते सुखावतं, आणि प्रदर्शनात ठेवायची सुरी घेत असाल तर ते मागावंच. वापरायच्या सुरीत मी त्यावर हटून बसणार नाही. पण खाली धारेकडे एक बाजू फुगीर आणि दुसरी सपाट असेल तर सुरी कापताना एका बाजूला ओढते. जाड पुठ्ठ्याची एक लांब सरळ रेघ कापून बघा; हात सरळ ठेवूनही पातं सतत एकाच दिशेला पळत असेल तर तो फरक खरा आहे. अपवाद एकच: काही सुऱ्या मुद्दामच एका बाजूने जास्त घासतात, उजव्या हाताने कापताना तुकडा पात्याला चिकटू नये म्हणून. ते सांगून केलेलं असतं आणि तुम्ही डावखुरे असाल तर त्याची उलटी सुरी मागवावी लागते. "हे मुद्दाम केलंय का?" या प्रश्नाला कारागिराने लगेच कारणासकट उत्तर दिलं तर ते मुद्दाम आहे.

सुरी हातात आल्यावर दोन तपासण्या न चुकता करा. पहिली: ट्यूबलाइटखाली उभं राहून पातं असं धरा की दिव्याची लांब रेघ पात्यावर पडेल, आणि मनगट अगदी हळू फिरवा. ती रेघ उतारावरून सरकत जाते. ती सलग सरकली तर पृष्ठभाग एकसारखा आहे. मध्येच ती थबकली, फाटली, एखाद्या जागी आत वळली तर तिथे खळगा आहे. उतार मुळात बहिर्गोल केलेला असेल तर रेघ रुंद दिसेल, पण तिची चाल तरीही सलग हवी. झिलईदार पात्यावर हे लगेच दिसतं. खडबडीत फिनिशवर किंवा कोटिंगवर दिसत नाही, म्हणून तशा सुरीत बोटांच्या चिमटीत पातं धरून मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू सरकवत जाडीचा अंदाज घ्यावा. बोटांना दशांश मिलिमीटरचा फरकही जाणवतो.

दुसरी तपासणी धारेच्या सरळपणाची. एका सपाट फळीवर धार अलगद टेकवा, पलीकडून उजेड येऊ द्या, आणि सुरी तिच्या वळणावर पुढे-मागे डोलवा. धार आणि फळीमध्ये एका जागी उजेडाची बारीक फट कायम राहत असेल तर तिथे पातं जास्त घासलं गेलंय. हा खळगा बहुतेक वेळा मुठीजवळच्या बोटभर भागात सापडतो, कारण ग्राइंडरवर तिथे हात क्षणभर थांबतो. नव्या सुरीत त्याचा त्रास एवढाच की चिरताना काही तुकडे खाली एका धाग्याने जोडलेले राहतात. पण धार लावायला घेतलीत की दगड त्या खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकतो आणि मधला भाग अस्पर्श राहतो. तो काढायचा तर बाकीची सगळी धार खळग्याच्या पातळीपर्यंत खाली आणावी लागते, म्हणजे पात्याची उंची कायमची कमी होते. माझ्याकडे धारेला येणाऱ्या महागड्या सुऱ्यांमध्ये मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याच दोषाची, कारण मालकाला तो कुणी कधी दाखवलेलाच नसतो.

पाठीच्या बाजूने एक डोळा मिटून लांबवर नजर टाका. टोक मध्यापासून किंचित हललेलं असेल तर पाणी देताना पातं थोडं फिरलंय. धारेची रेघ सरळ असेल तर पाठीचा एवढा झोक मी सोडून देईन. धार स्वतःच नागमोडी असेल तर सुरी परत.

फिनिशबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. पात्यावरचे ओरखडे कापण्याच्या आड येत नाहीत, त्यामुळे ते सोडून द्यायच्या यादीत जायला हवेत. तरी मी ते बारकाईने बघतो, कारण ते कारागिराच्या सवयी सांगतात. हाताने घासलेल्या पात्यावर सगळे चरे एकाच दिशेने हवेत. बारीक चऱ्यांच्या खाली मधूनच आडवा, खोल, जाड कागदाचा चरा दिसला तर आधीची पायरी पुरी न करता पुढची घेतली. प्रत्येक चऱ्याच्या शेवटी आकड्यासारखा बाक असेल तर हात थांबवून परत फिरवला, उचलला नाही. उतार जिथे सुरू होतो त्या कोपऱ्यात असे चरे हमखास राहतात, पोहोचायला ती जागा अवघड असते. एखादा चरा मला खटकत नाही. पण दिसणाऱ्या जागी पायरी गाळणारा माणूस न दिसणाऱ्या जागी काय करत असेल, ही शंका मनात येते, आणि पाणी देण्याचं सगळं काम तर न दिसणाऱ्या जागीच असतं. कार्बन पोलादाच्या पात्यावर खोल चऱ्यात ओल साचून गंज तिथूनच सुरू होतो, हेही लक्षात असू द्या.

मुठीकडे बघताना लोक लाकडाच्या रेषांवर भाळतात. मी आधी मुठीच्या दोन्ही फळ्यांचं पुढचं तोंड बघतो, जे पात्याला भिडतं. मूठ चिकटवल्यावर तिथे कानस किंवा पॉलिश पेपर पात्याला ओरखडा न काढता पोहोचू शकत नाही. म्हणजे ते तोंड चिकटवण्याआधीच पुरं करावं लागतं. तिथे करवतीच्या खुणा, वाळलेला इपॉक्सी किंवा दोन फळ्यांमध्ये पुढे-मागे फरक दिसला तर घाईचा पुरावा मिळाला. त्यानंतर मूठ आणि पोलादाच्या सांध्यावर नख फिरवा. नव्या सुरीत नख कुठेही अडायला नको, उजेडाची फट तर नकोच, कारण त्या फटीतून आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही आणि टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, आतून गंजतो. वर्षभराने मात्र लाकडाची मूठ असेल तर पोलादाची कड नखाला थोडी लागू शकते. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं-आकसतं, पोलाद तसं करत नाही. तो कारागिराचा दोष नाही. ते नकोच असेल तर राळ मुरवून स्थिर केलेलं लाकूड, किंवा राळेत कापडाचे वा काचतंतूंचे थर दाबून केलेलं मिकार्टा किंवा जी-१० मागा.

मुठीच्या आत दडलेली एक गोष्ट मात्र जीवघेणी ठरू शकते. पातं आणि टँग जिथे जोडलेले असतात तिथला आतला कोपरा गोलसर हवा. काटकोनात कापलेला असेल तर पाणी देताना किंवा नंतर जोर पडल्यावर तडा तिथूनच जातो. मूठ बसल्यावर हे दिसत नाही, म्हणून ऑर्डर देतानाच सांगून ठेवा की मूठ बसवण्याआधीचा फोटो हवा. टँग पूर्ण मुठीत झाकलेला असेल तर तो किती लांब आहे हेही त्याच फोटोत कळेल. मुठीच्या निम्म्याहून आखूड असेल तर मी नको म्हणेन.

पाठीच्या कडा आणि धारेच्या मुठीकडच्या टोकावरचा कोपरा बोटाला टोचतो का, हेही बघा. पातं चिमटीत धरून काम करणाऱ्याच्या तर्जनीवर ती कड दिवसभर घासते. पॉलिश पेपरने ती दहा मिनिटांत गोल करता येते, म्हणजे दोष दुरुस्त होणारा. पण ज्याने ती विकण्याआधीच गोल केली त्याने स्वतः सुरी हातात धरून काम केलंय, आणि अशा माणसाचं बाकीचं कामही सहसा विचारपूर्वक असतं.

घडीच्या सुरीचा हिशोब वेगळा, थोडक्यात सांगतो. तिथे हालणारे भाग असल्याने हातकामाची सूट जवळपास शून्य. पातं मिटल्यावर मध्यभागी बसायला हवं, उघडल्यावर वर-खाली किंवा आजूबाजूला हालता कामा नये, लायनर लॉक, म्हणजे मुठीतली पट्टी पात्यामागे सरकून ते उघडं धरून ठेवते तसा लॉक, असेल तर त्याची पट्टी पात्याच्या मागच्या तोंडाला साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत भिडलेली असावी. लॉक निसटला तर बोट जातं, त्यामुळे तिथे सौंदर्याची चर्चा नंतर.

घणाच्या खुणांकडे येतो. घडवून केलेली सुरी पट्टीतून कापून केलेल्या सुरीपेक्षा मुळातच सरस असते, हा समज पक्का रुजलेला आहे. आजचं पोलाद कारखान्यातूनच शुद्ध आणि एकसंध येतं. घणाने ठोकून धारेतलं पोलाद "दाबून घट्ट" होत नाही. उलट प्रत्येक वेळी तापवताना कण वाढण्याचा आणि पृष्ठभागातला कार्बन जळून जाण्याचा धोका असतो, आणि तो धोका चांगला लोहार नंतरच्या शिस्तीने भरून काढतो. घडवण्याचा फायदा आकारात आहे: मुठीपासून टोकाकडे निमुळती होत जाणारी पाठ, एकसंध बोल्स्टर (पातं आणि मुठीच्या मधला धातूचा जाड भाग), दमास्कसचे, म्हणजे वेगवेगळी पोलादं जोडून केलेल्या नक्षीदार पोलादाचे थर. अमेरिकेतले बॉब लव्हलेस पट्टीतून कापून, घासून सुऱ्या करत आणि त्यांच्या सुऱ्या आजही संग्राहक शोधत असतात. दुसरीकडे तिथलेच लोहार बिल मोरान यांनी १९७३ मध्ये आपल्या दमास्कस सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि ती घडवण्याची कला तिथे पुन्हा रुजली. दोन्ही वाटा उत्तम कामापर्यंत जातात.

तेव्हा खुणा आहेत का हे सोडा, कुठे आहेत ते बघा. पाठीकडच्या वरच्या भागात असतील तर त्या ठेवलेल्या आहेत, आणि तुकडा पात्याला थोडा कमी चिकटतो हा त्यांचा बारीकसा फायदाही आहे. धारेकडच्या घासलेल्या उतारात घणाचा खळगा उतरला असेल तर तो ठेवलेला नाही, राहिलेला आहे, आणि धार झिजत वर सरकली की एक दिवस त्याच्यापर्यंत पोहोचेल. दमास्कसमध्येही तसंच: नक्षीच्या ओघात न बसणारी काळी बारीक रेघ नखाला लागली तर थर तिथे जुळलेले नाहीत. पाठीवर ती शोभेपुरती उणीव, धारेवर मात्र सुरी नाकारण्याइतकी मोठी.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या १९७६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची परीक्षा याबाबत बोलकी आहे. पहिल्या पातळीच्या परीक्षेत उमेदवाराच्या सुरीने आधी लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा, मग लाकडाची जाड फळी तोडायची, त्यानंतर त्याच धारेने केस उतरवायचे आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचं. हे जमल्यावर वेगळ्या पाच सुऱ्या परीक्षकांसमोर मांडायच्या आणि तिथे फिनिश, जुळणी, प्रमाण यांची झडती. काम करण्याची ताकद आणि दिसण्यातला नेटकेपणा ते स्वतंत्रपणे तपासतात, आणि दोन्ही मागतात. फक्त त्या वाकवण्याच्या चाचणीने दिपून जाऊ नका. त्यासाठी पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते. तुमच्या पातळ सुरीत ९० अंश वाकणं हा गुण नाही, त्यासाठी धारेचा टिकाऊपणा गमावू नये.

तुमच्या दोघा कारागिरांना आता एकच प्रश्न विचारा: धारेमागची जाडी किती ठेवता, आणि मुठीजवळ, मध्ये व टोकाजवळ मोजून सांगाल का? झिलईदार काम करणाऱ्यांपैकी बरेच जण पातं मुद्दाम जाड ठेवतात, कारण पातळ करताना कड जळते, पातं फिरतं, खळगा पडतो, आणि तोपर्यंत घातलेले सगळे तास वाया जातात. जाड पात्यावर रेषा सुबक आणणं त्या मानाने सोपं. पहिल्याने ०.२ ते ०.३ च्या आसपासचे आकडे तिन्ही जागी दिले तर डोळे झाकून त्याची सुरी घ्या. इतकं पातळ आणि इतकं रेखीव एकत्र करणारा हात दुर्मिळ असतो. त्याने ०.५ च्या वर सांगितलं आणि दुसऱ्याने ०.२५ सांगितलं, त्याच्या दोन बाजूंतला फरक वरच्या रेघेपुरताच निघाला, तर मी दुसऱ्याकडे जाईन. प्रश्नच न कळल्यासारखं करणाऱ्याकडे जाऊ नका.

ऑर्डर लेखी द्या. लांबी, उंची, पाठीची जाडी मुठीजवळ आणि टोकाच्या सेंटिमीटरभर आधी, धारेमागची जाडी, धारेचा कोन, पोलाद, कडकपणाचा पल्ला, मुठीचं साहित्य. लांबीत दोन-तीन मिलिमीटर आणि वजनात दहा टक्के इकडेतिकडे चालेल असं स्वतःहून लिहा. हाताच्या कामात ते होतंच आणि कारागिरावर फुकट ताण येत नाही. धारेमागच्या जाडीत मात्र ०.१ पेक्षा जास्त सूट देऊ नका. पाठवण्याआधी चार फोटो मागा: पाठीवरून सरळ, धारेच्या समोरून सरळ, उतार सुरू होतो ती जागा दोन्ही बाजूंनी एकाच कोनातून, आणि मुठीचं पुढचं तोंड. तिरक्या कोनातून, सुंदर उजेडात काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

सुरी आली की वरच्या तपासण्या लगेच करा, पण धारेच्या टिकाऊपणाचं मत पहिल्या आठवड्यात बनवू नका. कारागिराने लावलेली धार तिच्या जागी, पण स्वतः दगडावर एक-दोनदा धार लावल्यानंतर जे पोलाद वर येतं ते खरं. त्यानंतर रोजच्या वापरात ती किती दिवस टिकते, बोथट होताना कड दुमडते की टवके उडतात, हे टिपून ठेवा. कड लगेच दुमडत असेल तर पाणी कमी पडलंय किंवा कोन फार तीव्र आहे. टवके उडत असतील तर पोलाद ठिसूळ आहे किंवा पुन्हा कोनच चुकलाय. कोन दोन-तीन अंशांनी वाढवून बघा. तरीही तेच होत असेल तर निरीक्षणं आणि जवळून काढलेले फोटो कारागिराला पाठवून सुरी परत तपासायला द्या.